सागरी प्रशासनाच्या परिषदेत पहिला निबंध: पंधरा मिनिटांत कोकणचा वाद कसा मांडायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या पर्ससीन (माशांचा अख्खा थवा घेरणारे मोठे जाळे) वापरणाऱ्या आणि पारंपरिक मच्छीमारांच्या वादावर तुमची पीएच.डी. सुरू आहे, तिसरे वर्ष आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘पीपल अँड द सी’ परिषदेत गोषवारा स्वीकारला गेला, बोलायला पंधरा मिनिटे मिळाली आहेत. मार्गदर्शकांनी ‘पेपर वाचून या’ एवढेच सांगितले. आता तयारी नेमकी कशाची करायची, इंग्रजी पुरेल का, आणि एवढा खर्च करून जाण्यात अर्थ आहे का, हे तुम्हाला हवे आहे.

मला यातली खरी अडचण वेगळी वाटते. तुमच्या सत्राला जे लोक बसतील त्यांतल्या बहुतेकांना मालवण नकाशावर दाखवता येणार नाही. पण हीच माणसे मासेमारीच्या नियमनावर वर्षानुवर्षे काम करत आलेली असतात, कोणी नॉर्वेत, कोणी चिलीत, कोणी सेनेगलमध्ये. म्हणजे ठिकाणाबद्दल त्यांना काहीच माहीत नाही आणि प्रश्नाबद्दल कदाचित तुमच्याहून जास्त माहीत आहे. आपल्याकडचे विद्यार्थी नेमके उलटे करतात. दहा मिनिटे ‘मत्स्यव्यवसायाचे महत्त्व’ सांगतात, जे समोरच्यांना पाठ असते, आणि स्वतःचे बंदर, स्वतःचा पुरावा शेवटच्या तीन मिनिटांत उरकतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिल्या वर्षाला असता तर मी निबंधाऐवजी पोस्टर घेऊन जा आणि भरपूर ऐका असे म्हटले असते. शेवटच्या वर्षाला पुढच्या नोकरीचा विचार डोक्यात ठेवून जावे लागते. तिसरे वर्ष मात्र उत्तम. क्षेत्रकार्य बहुतेक झालेले असते, प्रबंधाची प्रकरणे अजून कच्ची असतात, म्हणजे मिळालेली टीका वापरता येते. परिषदेची निवडही ठीक आहे. ‘पीपल अँड द सी’ अ‍ॅमस्टरडॅममध्ये २००१ पासून दर दोन वर्षांनी भरते आणि तिथे समाजशास्त्र, मानवशास्त्र, कायदा, भूगोल यांतली माणसे असतात. तुमचे काम माशांच्या साठ्यांच्या अर्थशास्त्रीय प्रतिमानांचे असते तर मत्स्य-अर्थशास्त्रज्ञांच्या परिषदेकडे जा म्हटले असते. २०२५ साली नीसला झाली तशी संयुक्त राष्ट्रांची महासागर परिषद ही आणखी वेगळी गोष्ट आहे. तिथे सरकारे आणि संस्था भूमिका मांडतात, प्रकरणावर टीका मिळत नाही.

आता मुख्य सल्ला. परिषदेला निघताना एकच न सुटलेला प्रश्न बरोबर घ्या आणि भाषण, स्लाइड, भेटीगाठी, टिपणे सगळे त्याच्याभोवती उभे करा. ‘पर्ससीनमुळे पारंपरिक मच्छीमारांवर झालेला परिणाम’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा की त्यावर दुसऱ्या देशातला माणूसही विचार करू शकेल. तुमच्याच कामातून एक सुचवते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०२१ च्या दुरुस्तीत दंडाच्या रकमा लाखांत गेल्या आणि प्रकरणांचा निवाडा तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आला. मग प्रश्न असा: जो विभाग परवाने देतो, योजना राबवतो आणि गस्त घालतो, त्यालाच निवाड्याचे अधिकार दिल्यावर अंमलबजावणी सुधारते की अडकते? हे ऐकून चिलीचा संशोधकही पुढे सरकून बसेल, कारण त्याच्याकडेही अशी रचना कुठेतरी आहेच.

पंधरा मिनिटे म्हणजे बोलायला बारा धरा. सत्र दीड तासाचे असेल आणि चार निबंध असतील तर आधीचा वक्ता लांबणार, सत्राध्यक्ष ओळख करून देणार, संगणक अडखळणार. बारा मिनिटांना इंग्रजीत साधारण १,३०० ते १,४०० शब्द पुरतात. त्याहून जास्त लिहिले की वेग वाढतो आणि उच्चार ऐकू येईनासे होतात. मी विद्यार्थ्यांना वेळेची वाटणी अशी करायला लावते: पहिल्या मिनिटात प्रश्न आणि तुमचे उत्तर, दोन मिनिटे जागा आणि माणसे, दोन मिनिटे नियमांची चौकट, एक मिनिट पद्धत (कोणती बंदरे, किती मुलाखती, कोणत्या महिन्यांत), पाच मिनिटे निष्कर्ष, शेवटचे मिनिट जे अजून ठरवता आलेले नाही त्याला. उत्तर सुरुवातीलाच सांगायला विद्यार्थी कचरतात, त्यांना वाटते उत्सुकता संपेल. घडते वेगळेच: उत्तर आधी कळले की श्रोता पुढचा पुरावा त्याच्याशी ताडून ऐकतो आणि त्याचे प्रश्न धारदार होतात. निष्कर्ष दोनच ठेवा. तिसरा कितीही आवडता असला तरी तो चहाच्या वेळी सांगायचा.

जागा दाखवायला एक नकाशा आणि दोन छायाचित्रे पुरे. नकाशावर भारताचा पश्चिम किनारा, त्यात दोन जिल्हे, आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांची रेषा. छायाचित्रे शेजारी शेजारी: किनाऱ्यावरून माणसे ओढत असलेली रापण, आणि यांत्रिक नौकेवरचे पर्ससीन जाळे. बांगडा आणि तारली यांचे थवे दोघांनाही हवे असतात, पण एक जण थवा किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहतो आणि दुसरा तो बाहेरच घेरतो. वादाचे मूळ एवढ्यात समजते. कायद्याची कलमे त्यानंतर आणा.

नियमांची चौकट ही सगळ्यात घसरणीची जागा. तुम्हाला सगळे माहीत असते म्हणून सगळे सांगावेसे वाटते. श्रोत्याला लागते ते इतकेच: राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे, तर प्रादेशिक जलधीपलीकडची मासेमारी संघसूचीत. म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंत राज्य, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्र. मासे ही रेषा पाळत नाहीत आणि पर्ससीन नौकाही ती सहज ओलांडते, हे लगेच जोडा. बाकीचा घटनाक्रम एका राखीव स्लाइडवर ठेवा आणि ती फक्त प्रश्न आल्यावर उघडा: पर्ससीनवर निर्बंध आणणारा राज्याचा ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये घातलेली बंदी, २०२१ ची दुरुस्ती, तामिळनाडूच्या पर्ससीन नौकांना १२ मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस मुभा देणारा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा अंतरिम आदेश, आणि विशेष आर्थिक क्षेत्रातील (१२ ते २०० मैलांच्या पट्ट्यातील) मासेमारीसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित केलेले नियम. हा शेवटचा मुद्दा नीट वाचून जा. यांत्रिक नौकांना त्या क्षेत्रासाठी प्रवेश-परवाना लागणार असल्याने तुमच्या प्रबंधातला ‘१२ मैलांपलीकडे कोणी विचारत नाही’ हा युक्तिवाद जुना ठरू शकतो, आणि परिषदेत कोणीतरी तो धागा पकडेलच.

सिद्धांताबद्दल. या क्षेत्रात काही दृष्टिकोन सतत कानावर येतील. यान कूइमान यांच्यापासून सुरू झालेला आणि स्वेन येन्टॉफ्ट, रतना चुएनपग्डी, मार्टेन बाविंक यांनी मासेमारीत पुढे नेलेला परस्परसंवादी प्रशासनाचा विचार (कारभार एकटे सरकार नव्हे, तर सरकार, बाजार आणि समाज मिळून चालवतात असे मानणारा), एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची सामायिक संसाधनांची मांडणी, आणि कायद्याच्या बहुविधतेचा, म्हणजे एकाच जागी अनेक नियमव्यवस्था नांदतात हा, विचार. बाविंक यांचे बरेचसे काम तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचेच आहे, ते वाचल्याशिवाय जाऊ नका. भाषणात मात्र एकच चष्मा घाला. तुमच्या विषयाला कायद्याची बहुविधता जास्त चपखल बसते असे माझे मत आहे, कारण आपल्या किनाऱ्यावर सरकारी नियमाच्या जोडीला गावांचे नियम जिवंत आहेत. उत्तरेला वसई-उत्तन आणि सातपाटी या बाजूला डोल जाळ्यांच्या ‘कवीं’वरून (कव म्हणजे डोल जाळे बांधायला समुद्रात खुंट रोवण्याची जागा) होणारे वाद पाहा. कोणी कव कुठवर मारायची हे ठरवण्यात गावांच्या बैठका आणि परंपरेचे दाखले यांचे वजन मोठे असते. सिंधुदुर्गात रापण संघांच्या जागा आणि वाटे यांची अशीच व्यवस्था तुम्ही नोंदवली असेल, तर तो तुमच्याकडचा सर्वांत मोलाचा ऐवज आहे. तो परिशिष्टात पुरू नका.

आकड्यांचे दोन सापळे सांगते. पहिला किनारपट्टीच्या लांबीचा. भारताची किनारपट्टी वर्षानुवर्षे ७,५१६ किलोमीटर लिहिली जायची, फेरमोजणीनंतरचा सरकारी आकडा ११,०९८ किलोमीटर आहे. किनारा काही वाढला नाही, मोजण्याचे प्रमाण बारीक झाले. महाराष्ट्राचा ७२० चा आकडाही असाच जुन्या मोजणीतला. स्लाइडवर लांबी लिहायचीच असेल तर मोजणी कोणती ते लिहा, नाहीतर लिहूच नका. दुसरा सापळा मासळीच्या उत्पादनाचा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर नमुना पद्धतीने अंदाज काढते, राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग स्वतःचे आकडे देतो. दोन्ही जुळत नाहीत. एका आलेखात एक मालिका या संस्थेची आणि पुढची वर्षे विभागाची असे जोडकाम केलेत तर जाणकार माणूस तिथेच थांबवेल, आणि थांबवायलाच हवे.

छायाचित्रांत नौकांचे नोंदणी क्रमांक दिसत असतील तर ते पुसा. ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक वाचून मालक शोधता येतो, आणि तुम्ही बेकायदा मासेमारीबद्दल बोलणार आहात. तांडेलांचे (नौकेच्या प्रमुखांचे) चेहरे, खलाशांची नावे, मासे मिळण्याच्या जागांचे जीपीएस बिंदू, यांतले काहीही मोठ्या पडद्यावर यायला नको. समोरचे लोक सर्रास स्लाइडचे फोटो काढतात आणि ते कुठेही जातात. गाव लहान असेल तर ‘तालुक्यातील एक बंदर’ असे म्हणणेही पुरत नाही, दोन-तीन बंदरांतली निरीक्षणे एकत्र करून सांगावी लागतात.

प्रश्नोत्तरांची तयारी भाषणाइतकीच करा, कारण प्रकरणाला उपयोगी पडेल ते तिथेच मिळते. तुम्हाला हे प्रश्न येतील असे गृहीत धरा. पहिला: पारंपरिक कोण, हे कोणी ठरवले? पर्ससीनचे मालकही अनेकदा त्याच किनाऱ्यावरचे, त्याच समाजांतले असतात, आणि रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळी खलाशी काम करतात. दोन बाजू इतक्या स्वच्छ आहेत का? दुसरा: मासळी घटली ती जाळ्यामुळे की समुद्र बदलल्यामुळे? तारलीसारख्या माशाचे प्रमाण नैसर्गिकरीत्याही फार वर-खाली होते. तुमच्याकडे मुलाखती आहेत, साठ्याचा अभ्यास नाही. मग ‘माझी सामग्री यावर निर्णय देऊ शकत नाही, ती एवढेच सांगते की मच्छीमार घट कशी समजून घेतात’ हे सरळ म्हणा. अशा उत्तराने वजन कमी होत नाही. तिसरा: बायका कुठे आहेत? विक्री, सुकवणे, बाजारातली उधारी हे सगळे त्यांच्या हातात असताना मुलाखती फक्त नौकामालकांच्या असतील तर तो दोष आहे, आणि तो आत्ता भरून काढायला वेळ आहे. चौथा: शेजारी काय झाले? कर्नाटकात १९७० च्या दशकात पर्ससीन आले आणि रंपणी जाळी (तिथली रापण) थोड्याच वर्षांत मागे पडली. ही तुलना तुमच्या ओठांवर हवी.

उत्तर देताना ‘भारतातली परिस्थिती फार गुंतागुंतीची आहे’ हे वाक्य टाळा. त्याने संवाद बंद होतो. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, मग स्वतःच्या शब्दांत तो परत म्हणून दाखवा आणि मगच उत्तर द्या. यातच इंग्रजीच्या काळजीचे उत्तरही आहे. तिथे अर्ध्याहून अधिक जण तुमच्यासारखेच दुसऱ्या भाषेत बोलत असतात. उच्चार कोकणी वळणाचे आहेत म्हणून कोणी अडत नाही, अडते ते लांब वाक्यांवर आणि वेगावर. कागदावरचे वाचून दाखवू नका, कारण लेखी इंग्रजी कानाला जड जाते. पण पहिली तीन वाक्ये आणि शेवटची तीन वाक्ये तोंडपाठ करा. मधे अडखळलात तर स्लाइड सावरते, सुरुवात आणि शेवट स्लाइड सावरत नाही. घरी घड्याळ लावून मोठ्याने सराव करा, त्यातला निदान एक विषयाबाहेरच्या माणसासमोर.

स्लाइडमध्ये देवनागरी मजकूर असेल, म्हणजे एखाद्या फलकाचे किंवा मुलाखतीतले वाक्य, तर फाइल पीडीएफ करून न्या. तिथल्या संगणकावर आपला फाँट नसतो आणि जोडाक्षरे फुटतात. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक स्वतःच्या ईमेलवर. चार्जरचा आपला तीन जाड पिनांचा प्लग नेदरलँड्समध्ये बसत नाही. तिथे दोन गोल पिना चालतात, अडॅप्टर इथूनच घ्या.

भेटीगाठींचे काम जाण्याआधी तीन आठवडे सुरू होते. कार्यक्रमपत्रिका जाहीर झाली की पाच-सहा नावे निवडा. फार मोठी नावे दोनच ठेवा, बाकी नुकतीच पीएच.डी. झालेली किंवा तिसऱ्या-चौथ्या वर्षातली. ही मंडळी वेळ देतात, आणि पुढच्या दहा वर्षांत तुमचे निबंध तपासणारी, सत्रे आखणारी हीच असतील. ईमेल पाच ओळींचा: तुम्ही कोण, त्यांचे नेमके काय वाचले, तुमचा तो एक प्रश्न, आणि चहाच्या सुट्टीत वीस मिनिटे मिळतील का. सोबत अख्खा निबंध जोडू नका. शिष्यवृत्ती किंवा जागा आहे का हे पहिल्या भेटीत विचारू नका. मुख्य परिषदेच्या आधी संशोधक विद्यार्थ्यांची कार्यशाळा असेल तर एक दिवस आधी पोहोचा, कारण तिथे झालेल्या ओळखी पुढचे सगळे दिवस पुरतात. आणि सगळी सत्रे ऐकायचा हट्ट सोडा. दिवसाला तीन नीट ऐका, एक सत्र मोकळे ठेवा. त्या वेळात त्याच दिवशी टिपणे लिहून काढा: कोण काय म्हणाले, त्याचा माझ्या कोणत्या प्रकरणाशी संबंध, मी आता काय करणार. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचे निम्मे विसरलेले असते.

पैसे आणि कागद यांचे पटकन सांगते. विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत असते. त्याउपर माफी किंवा प्रवासमदत मिळेल का हे आयोजकांना लेखी विचारा, न विचारता मिळत नाही. आपल्याकडे आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद), तुमचे विद्यापीठ आणि विज्ञान शाखा असेल तर पूर्वीच्या एसईआरबी या विज्ञान-अनुदान मंडळाच्या जागी आलेले एएनआरएफ हे राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, या ठिकाणचे चालू नियम पाहा. अर्ज कित्येक महिने आधी करावे लागतात आणि स्वीकृतिपत्र लागते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण जूनमध्ये मुंबईत भेटीची वेळ मिळणे कठीण, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच हात घाला. शुल्क प्रौढांना ९० युरो, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा, पासपोर्ट परतीनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन पाने कोरी. विद्यापीठाचे ना हरकत पत्र, आयोजकांचे निमंत्रण आणि खर्च कोण करणार याचे पत्र, या तिन्हींतली नावे आणि तारखा एकमेकांशी जुळायला हव्यात. बहुतेक अडथळे तिथेच येतात. डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्या, नव्या कार्डांवर ते बंदच असतात. बोर्डिंग पास आणि शुल्काच्या पावत्या जपा. परताव्याच्या वेळी लेखा विभाग त्याच मागतो.

खर्च करण्यात अर्थ आहे का, याचे माझे उत्तर असे: अनुदान मिळाले तर नक्की जा. कर्ज काढून जायची वेळ असेल तर थांबा, त्याच वर्षी भारतातल्या परिषदेत किंवा ऑनलाइन सत्रात हाच निबंध वाचा आणि दोन वर्षांनी जा. गोषवारा एकदा स्वीकारला गेला म्हणजे पुढेही जाण्यासारखा आहे. दोन दिवसांत ‘निवड’ कळवणाऱ्या, सगळे विषय एकाच छताखाली घेणाऱ्या आणि परीक्षणाआधी पैसे मागणाऱ्या परिषदांची ईमेलही तुम्हाला येत असतील. त्यांना उत्तर देऊ नका.

परतल्यावर आठवड्याच्या आत ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांना दोन ओळी लिहा, कबूल केलेले काही पाठवायचे असेल तर पाठवा. महिन्याच्या आत टिपणे घेऊन ते प्रकरण पुन्हा लिहा. एखाद्या विशेषांकासाठी निबंध द्या असे कोणी म्हटले तर मार्गदर्शकांना विचारून, मुदत आणि प्रकाशनशुल्क बघून मगच होकार द्या.

आणखी एक काम परिषदेच्या तारखांमुळे सोयीचे होते. ही परिषद जूनअखेरीच्या आसपास असते. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. म्हणजे तुम्ही परताल तेव्हा नौका शाकारलेल्या असतील, माणसे जाळी विणत घरी असतील. ज्या मच्छीमार सोसायट्यांनी आणि रापण संघांनी तुम्हाला वेळ दिला, त्यांच्यासाठी दोन पानांचे मराठी टिपण तयार करा: तिथे काय मांडले, कोणते प्रश्न आले, कोणत्या देशातल्या मच्छीमारांनी अशा वादात काय केले. ते जुलैतच नेऊन द्या आणि बसून वाचून दाखवा. पर्ससीनवाल्यांच्या संघटनेलाही तेच टिपण, तीच भाषा. तिथे मिळालेल्या दुरुस्त्या वहीत लिहून घ्या. नारळी पौर्णिमेनंतर तांडेल सापडत नाही.